तेराव्या वर्षी नेलेला मुलगा, पस्तिसाव्या वर्षीचा बाप: नाशिकमधील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिक रोड भागात राहणाऱ्या एका नेपाळी कुटुंबाचे आहे. वडील एका गृहनिर्माण सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत, आई त्याच परिसरात चार घरची धुणीभांडी आणि पोळ्या करते, आणि मुलगा जवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. सोसायटीतली मोठी माणसे वडिलांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतात, मुले मात्र ‘दाजू’ (नेपाळीत मोठा भाऊ) म्हणतात. येथेही त्यांना दाजू आणि त्यांच्या पत्नीला वहिनी असेच म्हटले आहे. गाव, जिल्हा, शाळा आणि ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले किंवा बदलले आहेत. मजकूर दोघांना हिंदीतून वाचून दाखवला आणि त्यांनी जे काढायला सांगितले ते काढून टाकले.

नेपाळमध्ये माओवाद्यांनी १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सशस्त्र लढा पुकारला आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने तो संपला. या दहा वर्षांत पश्चिमेकडच्या डोंगरी जिल्ह्यांतून शाळकरी मुले मोठ्या संख्येने नेली गेली. काही दिवसांच्या राजकीय वर्गासाठी म्हणून शाळाच्या शाळा उठवून नेल्या जात. त्यातली बरीच मुले परत येत, काही येत नसत. प्रत्येक घराने एक जण द्यावा, अशी सक्तीही अनेक ठिकाणी होती. नेलेली मुले ओझी वाहत, भात शिजवत, निरोप पोचवत, पहारा देत, सांस्कृतिक पथकात नाचत-गात, आणि त्यातली काही प्रत्यक्ष लढत. बालसैनिकांविषयीच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वांनी हे सगळेच काम बालसैनिकांच्या व्याख्येत धरले आहे, ते योग्यच आहे. हातात बंदूक नव्हती म्हणून मूल वाचले असे मानण्याची चूक त्यापूर्वी फार वेळा झाली होती.

दाजूंना २००३ मध्ये शाळेच्या आवारातून नेले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. लढा थांबल्यावर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी करारानुसार छावण्यांमध्ये ठेवलेल्या माओवादी लढवय्यांची पडताळणी केली. २५ मे १९८८ नंतर जन्मलेले अल्पवयीन ठरले. असे २,९७३ जण निघाले, आणि उशिरा भरती झालेले धरून एकूण ४,००८ जणांना अपात्र ठरवण्यात आले. तरीही त्यांची सुटका व्हायला २०१० उजाडले. छावणीत शिरताना सतरा वर्षांचे असलेले दाजू बाहेर पडले ते विसाव्या वर्षी, ‘अयोग्य’ हा शिक्का घेऊन. पात्र ठरलेल्या प्रौढांपैकी ज्यांनी २०१२ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली त्यांना हुद्द्यानुसार पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले. लहानपणी पळवलेल्यांच्या वाट्याला शिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण, छोटा धंदा आणि आरोग्यविषयक प्रशिक्षण असे चार पर्याय आले. दाजूंनी त्यातले काहीच घेतले नाही. गावात त्यांना थांबवले नाही आणि ते थांबलेही नाहीत. भारत-नेपाळ यांच्यातल्या १९५० च्या तहामुळे इकडे राहून काम करायला परवाना लागत नाही. एका नातेवाइकाच्या ओळखीने ते नाशिकला आले आणि पहिल्या दिवसापासून रात्रपाळीच मागून घेतली.

प्रश्न कसा पुढे आला

मुलाने आठवीत एनसीसीला नाव दिले. एनसीसीच्या नियमांप्रमाणे भारतीय नागरिकाबरोबर नेपाळच्या प्रजाजनालाही प्रवेश मिळतो, त्यामुळे अडचण आली नाही. संमतीपत्रावर वहिनींनी सही केली, कारण शाळेचे कागद घरात त्याच पाहतात आणि दाजू दिवसा झोपलेले असतात. वार्षिक शिबिराला निघण्याच्या दिवशी सकाळी दाजू ड्यूटी संपवून शाळेवरून घरी चालले होते. पटांगणात मुले रांगेत उभी होती, एनसीसीचे सर यादीतून एकेक नाव वाचत होते, आणि नाव येईल तो मुलगा पाठीवर बॅग टाकून मिलिटरीच्या गाडीत चढत होता. दाजू फाटकातून धावत आत गेले, मुलाला दंडाला धरून त्यांनी गाडीतून खाली ओढले, मध्ये आलेल्या सरांना ढकलले आणि बाकीच्या मुलांकडे पाहून ‘भाग, भाग’ असे ओरडत राहिले.

मुलाचा खांदा दुखावला. एका पालकाने मोबाइलवर चित्रण केले होते, ते दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरले आणि वॉचमन पिऊन शाळेत शिरला, असे ठरून गेले. दाजू दारू पीत नाहीत, हे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सफाई कामगार बाईंनी सांगितले, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. शाळेने लेखी खुलासा मागितला आणि मुलाला एनसीसीतून काढण्याचे बोलून दाखवले. सोसायटीच्या कमिटीने महिनाअखेर दुसरा माणूस पाहण्याचे ठरवले. याच सुमारास, येऊ घातलेल्या सिंहस्थाचे कारण सांगून, कमिटीने सगळ्या कामगारांचे पोलीस व्हेरिफिकेशन नव्याने करून घ्यायला सांगितले होते. तो फॉर्म दाजूंनी अनेक दिवस कोराच ठेवला होता. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तक्रार पुढे नेण्याआधी आमच्याकडे, म्हणजे शाळेशी जोडलेल्या समुपदेशन केंद्राकडे, कुटुंबाला पाठवले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला पहिला चांगला निर्णय हाच होता.

आम्हाला काय दिसले

पहिल्या भेटीत दाजू माफी मागण्यापलीकडे काही बोलले नाहीत. असे का केले, हा प्रश्न त्यांना तोवर सगळ्यांनी विचारला होता. आम्ही त्या सकाळी फाटकातून काय दिसले, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मॅडम, तिकडे पण शाळेतूनच नेलं होतं. यादी वाचली होती.” तेरा वर्षांच्या संसारात हे वाक्य वहिनींनीही ऐकले नव्हते. नवरा पूर्वी ‘पार्टीत’ होता, इतकेच त्यांना ठाऊक होते.

झोपेची माहिती मुलाने दिली. बाबा आडवे होतच नाहीत, असे त्याने सांगितले. ड्यूटीवर केबिनमध्ये खुर्ची भिंतीला टेकवून तोंड फाटकाकडे करून ते बसत. सकाळी घरी येऊन जे काही झोपत ते भिंतीला पाठ लावून, दार अर्धे उघडे ठेवून, पायातल्या बुटांच्या नाड्याही न सोडता. सुट्टीच्या रात्री तर पहाटेपर्यंत जिन्यात बसून राहत. रात्रपाळी हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ रोजगार नव्हता. रात्री जागे राहण्याचे असे एक कारण त्यांना मिळाले होते, ज्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

आवाजांबद्दलचा आमचा अंदाज मात्र फोल ठरला. देवळालीच्या फायरिंग रेंजवर सराव सुरू असला की तोफांचे धमाके या भागात ऐकू येतात, आणि त्यांचाच त्रास होत असणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. दाजूंना तोफांचे काही वाटत नव्हते. नाशिक रोडला सैन्याच्या विमानदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथली हेलिकॉप्टरे कमी उंचीवरून घिरट्या घालू लागली की मात्र ते गच्चीखाली, जिन्याखाली, कुठेतरी आडोशाला जात. त्यांच्या डोंगरात बॉम्ब हेलिकॉप्टरमधून पडत होते. इतके साधे कारण होते, आणि ते विचारल्याशिवाय कळण्यासारखे नव्हते.

मानसोपचारतज्ज्ञांनी दीर्घकाळच्या आघातातून आलेल्या जटिल विकाराचे निदान केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपाळमधल्याच एका अभ्यासात १४१ माजी बालसैनिकांची तुलना कधीच भरती न झालेल्या तितक्याच मुलांशी केली होती. बालसैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणे होती, आणि डोळ्यांसमोर घडलेल्या हिंसेचे प्रमाण हिशेबात धरूनही दोन गटांतला फरक पुरता मिटला नव्हता. दाजू त्याच पिढीतले आहेत, पण त्या वेळी त्यांना तपासायला कोणी आले नव्हते आणि आता वयाने ते कोणत्याच योजनेत बसत नाहीत. बालहक्क करारातले ३९ वे कलम अशा मुलांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारांवर टाकते. पस्तिशीतल्या माणसाची जबाबदारी कोणावर, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

पुढे असलेले पर्याय

पहिला निर्णय मुलाच्या सुरक्षिततेचा होता. बापाची कहाणी कितीही दुःखाची असली तरी मुलाचा खांदा दुखावला होता, आणि बाल कल्याण समितीकडे जाण्याचा मार्ग शाळेला खुला होता. म्हणून मुलाशी एकट्याने, आईवडिलांना बाहेर बसवून बोललो. बाबांनी याआधी कधी हात उगारला नाही, हे त्याने सांगितले; शेजारी आणि वर्गशिक्षिका यांच्याकडूनही वेगळे काही कळले नाही. त्याला भीती होती ती नोकरी जाऊन गावी परतावे लागण्याची. समितीकडे न जाता शाळेने देखरेख ठेवावी आणि पुन्हा इजा झाल्यास तक्रार करावी, असे लेखी ठरले. दाजूंनाही हे स्पष्ट शब्दांत सांगितले.

दुसरा निर्णय कोणाला किती सांगायचे, हा होता, आणि आमचा सर्वाधिक वेळ त्यात गेला. एक बाजू अशी होती की कमिटीला खरे कारण कळले तर दारूचा आरोप गळून पडेल आणि सहानुभूतीही मिळेल. दुसरी बाजू अशी की महाराष्ट्रात माओवादी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गडचिरोली उभी राहते. नेपाळमधला पक्ष वेगळा, त्याने शांतता करार केला, त्याचा नेता २००८ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला, हे सगळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर समजावून सांगण्याची सोय नसते. एका वकिलांना कोरा फॉर्म दाखवला. त्यात विचारले होते ते गुन्हे दाखल आहेत का आणि खटले चालू आहेत का, एवढेच. दोन्हींचे खरे उत्तर ‘नाही’ असे होते. बालपणी आपल्यावर काय लादले गेले हे लिहिण्याचे कोणतेही बंधन त्या फॉर्ममध्ये नव्हते.

तिसरा प्रश्न उपचारांच्या क्रमाचा. आधी आठवणी बोलत्या करायच्या की आधी झोप सावरायची? रात्रपाळी ताबडतोब बदलून द्यावी, असे आमच्यातल्या काहींचे मत होते. पण जागे राहणे हाच ज्याचा एकमेव आधार आहे त्याच्याकडून तो एका झटक्यात काढून घेणे धोक्याचे होते, शिवाय रात्रीचा जास्तीचा पगारही गेला असता.

चौथा प्रश्न मुलाच्या एनसीसीचा. काढून टाका, म्हणजे विषय संपला, असे शाळेतल्या काही शिक्षकांना मनापासून वाटत होते. एनसीसी ऐच्छिक आहे, त्यातून सैन्यात जाण्याची सक्ती नसते, हे दाजूंना माहीत नव्हते आणि माहीत करून दिल्याने भीती लगेच गेली असती असेही नाही. गावाकडच्या नातेवाइकांचा आग्रह वेगळाच होता: घरी आणा, धामीकडे (गावातल्या मांत्रिकाकडे) दाखवू.

या सगळ्या पर्यायांकडे पाहताना एक गोष्ट आम्हाला सतत खुपत होती. दाजूंना नेले ते दुसऱ्यांनी ठरवून, छावणीत ठेवले ते दुसऱ्यांनी, अपात्र ठरवून सोडले तेही दुसऱ्यांनीच. आता आम्ही, शाळा आणि कमिटी अशा तिघांनी मिळून त्यांच्या भल्याचे म्हणून आणखी चार निर्णय घेतले असते, तर त्या मालिकेत भरच पडली असती. म्हणून मुलाच्या सुरक्षिततेचा निर्णय वगळता बाकीचे तिन्ही निर्णय त्यांच्या हातात ठेवले, आणि त्यासाठी लागेल तितका वेळ कमिटीकडून मागून घेतला.

केलेली कृती

कमिटीला काय सांगायचे ते वाक्य दाजूंनी स्वतः ठरवले: “लहानपणी मला शाळेतून पळवून नेलं होतं, त्या दिवशी तेच डोळ्यांपुढे आलं.” कोणी, कुठे, कशासाठी, हे त्यांना सांगायचे नव्हते. सेक्रेटरींसमोर ते स्वतः बोलले. आम्ही शेजारी बसून होतो. सेक्रेटरी ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही आणि ग्रुपवरचे चित्रण काढायला लावले. फॉर्म दाजूंनी त्याच आठवड्यात भरून दिला.

झोपेचे काम आधी घेतले. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे सुरू झाली. रात्रपाळी तशीच ठेवली, मात्र आठवड्याची एक रात्र घरी आणि त्या रात्री जिन्यात न बसता घरात राहायचे, इतकेच ठरले. अंथरूण दारापाशी घालायचे आणि दार आतून लावायचे की नाही ते त्यांनी ठरवायचे, ही वहिनींची सूचना होती. बुटांच्या नाड्या सैल करून झोपणे हा पहिला टप्पा, बूट काढणे हा दुसरा.

त्यानंतर आठवणींचे काम घेतले. यासाठी आयुष्याची रेषा मांडण्याची पद्धत वापरली. युद्धग्रस्त आणि निर्वासित लोकांसाठी ती विकसित झालेली आहे आणि माजी लढवय्यांसाठी तिचे स्वतंत्र रूपही आहे. जमिनीवर सुतळी पसरायची, जन्मापासून पुढे जात चांगल्या घटनांसाठी फूल आणि वाईटासाठी खडा ठेवायचा. आम्ही झेंडूची फुले आणि लहानमोठे खडे दिले होते. २००३ च्या जागी दाजूंनी एक मध्यम खडा ठेवला, थोडे थांबून त्याला लागूनच एक फूल ठेवले. तिथे दोन वेळचे पोटभर जेवण होते, आणि जातीवरून कोणी वेगळे बसवत नव्हते. सक्तीने नेलेल्या मुलाला त्या गटाविषयी ओढही वाटू शकते, हे ऐकणाऱ्याला स्वीकारता आले पाहिजे, नाहीतर पुढचे तो सांगत नाही. सर्वांत मोठा खडा त्यांनी ठेवला तो लढाईच्या जागी नव्हे, तर २०१० च्या जागी, छावणीतून बाहेर पडण्याच्या दिवसावर.

एक खडा मात्र त्यांनी मुठीत ठेवला आणि कित्येक भेटींपर्यंत खाली ठेवलाच नाही. पंधराव्या वर्षी त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत मुले आणायला पाठवले होते, आणि यादी त्यांनीच वाचली होती. शाळेच्या पटांगणात त्या सकाळी त्यांनी एनसीसीच्या सरांना का ढकलले, ते तेव्हा कुठे आमच्या नीट लक्षात आले. अशा अपराधाचे काय करायचे, हा प्रश्न जगातल्या न्यायालयांनाही सोपा गेलेला नाही. युगांडातल्या एका बंडखोर सेनेचा सेनानी डॉमिनिक ओंगवेन याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये २५ वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा तो स्वतः लहानपणी पळवला गेला होता याचा विचार शिक्षा ठरवताना केला. ओंगवेनने प्रौढपणी सेनानी म्हणून अत्याचार केले होते. दाजू पंधरा वर्षांचे होते आणि नाही म्हणण्याची किंमत त्यांनी पाहिलेली होती. तरीही ‘तुमची काही चूक नव्हती’ असे आम्ही त्यांना म्हणालो नाही. ते त्यांना पटले नसते, आणि त्या मुलांच्या दुःखाला जागा उरली नसती. त्या मुलांपैकी कोण परतले, हे ते आठवतील तसे सांगत गेले आणि आम्ही ऐकत गेलो.

निष्पत्ती

साधारण वर्षभराने चित्र असे आहे. नोकरी टिकली. घरच्या रात्री दाजू बूट काढून आडवे होतात, बऱ्याचदा तीन-चार तास सलग झोपतात. हेलिकॉप्टर आले की अजूनही आडोसा शोधतात, पण मुलाला बरोबर ओढत नाहीत. मुलाला वडिलांनी स्वतः सांगितले, तेही थोडक्यात, वहिनी शेजारी असताना: मी तुझ्याएवढा असताना मला नेले होते, मला जायचे नव्हते. यादी वाचल्याची गोष्ट त्याला सांगितलेली नाही. ती कधी सांगायची, हे त्यांचे ते ठरवतील.

एनसीसीचा निर्णय मुलगा आणि वडील यांनी मिळून घेतला. एनसीसीच्या सरांनी दाजूंना परेड पाहायला बोलावले, आणि कोणताही मुलगा कधीही नाव काढून घेऊ शकतो हे कॅडेटसमोरच सांगितले. मुलगा एनसीसीत राहिला, शिबिराला मात्र या वर्षी गेला नाही. त्याचे त्याला वाईट वाटले आणि त्याने ते बोलूनही दाखवले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. वहिनींना इतक्या वर्षांनी कळलेल्या गोष्टींचा राग आला, काही महिने घरात अबोला होता. गावाकडे जाण्याचा विषय निघाला की दाजू आजही उठून जातात. सिएरा लिओनमधल्या माजी बालसैनिकांचा २००२ पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात कुटुंबाने आणि गावाने स्वीकारले की नाही यावर पुढचे मानसिक आरोग्य बरेच अवलंबून असल्याचे दिसले होते. नाशिकमध्ये एक छोटा स्वीकार मिळाला आहे. गावाचा आम्ही येथून मिळवून देऊ शकत नाही.

वेगळे काय करता येईल

अशा प्रकरणात पत्नीसाठी पहिल्यापासून वेगळा समुपदेशक असावा. येथे वहिनींकडे नवऱ्याच्या उपचारांतली मदतनीस म्हणून पाहिले गेले आणि त्यांचा स्वतःचा धक्का उशिरा हाताळला गेला. भाषेबाबतही आधीच तजवीज हवी. दाजूंची हिंदी रोजच्या कामापुरती चांगली आहे, पण लहानपणीच्या गोष्टी त्यांना हिंदीत सांगता येत नव्हत्या. नाशिकमध्ये नेपाळी लोक पुष्कळ आहेत, तरी ओळखीतला दुभाषा नको, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. दुसऱ्या शहरातला दुभाषा फोनवर घेणे शक्य होते आणि ते सुरुवातीलाच करण्यासारखे आहे.

शाळेच्या पातळीवर बदल लहान आहेत. शिबिराला जाताना नावे वाचून मुलांना गाडीत चढवण्याआधी पालकांना आत बोलावून मुले त्यांच्या हातून सोपवली जावीत, अशी सूचना आम्ही केली आणि ती मान्य झाली. संमतीपत्रावर दोन्ही पालकांना माहिती दिल्याची नोंद करायची, आणि दिवसा झोपणाऱ्या, रात्रपाळीच्या पालकांना फोन संध्याकाळी पाचनंतर करायचा, हेही शाळेने यंदाच्या वर्षापासून सुरू केले आहे.